९९ रुपयांचा वेबिनार, पाच हजारांचा हप्ता: ऑनलाइन बिझनेस कोर्सचा खरा खर्च किती?

नांदेड/लातूर : फेसबुक उघडलं की हळद दुबईला पाठवायची जाहिरात, इन्स्टाग्राम उघडलं की घरबसल्या महिना लाख कमवायची जाहिरात. कुणी ड्रॉपशिपिंग शिकवतो, कुणी एक्स्पोर्ट, कुणी शेअर बाजार. वेबिनारची फी ९९ रुपये, कधी फक्त १ रुपया. एवढे तर चहा-पाण्यालाच जातात, म्हणून तालुक्याच्या गावातला पोरगा बटण दाबतो. फसगत त्या ९९ रुपयांत नसते. ते ९९ रुपये म्हणजे फक्त दारातलं तिकीट, खरी दुकानदारी आत असते.

असे कोर्स विकायची पद्धत साधारण सगळीकडे सारखीच आहे. दोन-तीन तासांच्या वेबिनारमध्ये शिकवणं थोडं आणि गाडी-बंगल्याचे फोटो जास्त. शेवटच्या अर्ध्या तासात कोर्सची किंमत येते. दोन लाखांचा कोर्स, पण आज रात्री बारापर्यंत फक्त ४९,९९९. स्क्रीनवर घड्याळ उलटं धावतं, 'फक्त ७ जागा शिल्लक' असं येतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच वेबिनार, तेच घड्याळ, त्याच सात जागा.

आता हिशेब बघा. ४९,९९९ वर १८ टक्के जीएसटी म्हणजे जवळपास ९ हजार. एकूण ५८,९९९. जाहिरातीत हा आकडा बारीक अक्षरात 'प्लस जीएसटी' एवढाच असतो. ज्याची जीएसटी नोंदणी आहे त्या व्यापाऱ्याला हा कर पुढे वजा करून घेता येतो, पण नोंदणी नसलेल्या शेतकऱ्याच्या पोराला ते ९ हजार खिशातूनच जातात. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. म्हणजे या एका कोर्सला ११ क्विंटल सोयाबीन लागलं, तेही हमीभाव मिळाला तर.

आणि एवढ्यावर थांबत नाही. कोर्स सुरू झाला की कळतं, हा तर 'बेसिक' आहे. प्रश्न विचारायचे तर 'मेंटॉरशिप' घ्या. ग्राहक शोधायचे तर 'बायर डेटा' वेगळा. वेबसाइट वेगळी, जाहिरातीचं बजेट वेगळं, सॉफ्टवेअरचं महिन्याचं भाडं वेगळं. शेवटी हॉटेलमधला दोन दिवसांचा 'मास्टरमाइंड', त्याची फी लाखात. पहिला कोर्स लागू पडला नाही म्हणून तक्रार केली तर उत्तर तयार असतं: तुम्ही अर्ध्यावर आहात, पुढची लेव्हल घेतल्याशिवाय रिझल्ट कसा येणार? म्हणजे माल चालला नाही याचं औषध, त्याच दुकानातला आणखी महाग माल.

माणूस इथं अडकतो तो अडाणी असतो म्हणून नाही. ६० हजार गेलेले असतात, घरी सांगितलेलं नसतं. आता सोडलं तर ते गेलेच, आणखी ४० हजार टाकले तर कदाचित निघतील, असं वाटतं. विकणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं. जुगाराच्या फडावर उठता न येणाऱ्या माणसाचं जे होतं, तेच इथं होतं.

हा धंदा आपल्याकडे नवा वाटतो, पण अमेरिकेत तो आधीच चालून बसलाय. 'माय ऑनलाइन बिझनेस एज्युकेशन', म्हणजे मोब, नावाची कंपनी ४९ डॉलरला '२१ पायऱ्यांची' पद्धत विकायची. पायऱ्या चढता चढता लोकांना हजारो डॉलरच्या मेंबरशिप घ्यायला लावलं जायचं. जून २०१८ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने कोर्टात जाऊन हे बंद पाडलं. कमिशनच्या म्हणण्यानुसार लोकांचे साडेबारा कोटी डॉलरहून जास्त यात गेले होते.

महाराष्ट्रात महागड्या कोर्सवर सर्वात मोठी कारवाई झाली ती शेअर बाजार शिकवणाऱ्यांवर, कारण तिथं सेबी आहे. ६ फेब्रुवारी २०२५ ला सेबीने अस्मिता पटेल ग्लोबल स्कूल ऑफ ट्रेडिंग आणि संबंधितांवर अंतरिम आदेश काढून ५३ कोटी ६७ लाख रुपये जप्त करायला सांगितले. डिसेंबर २०२५ मध्ये कर्जतच्या अवधूत साठे ट्रेडिंग अकॅडमीवर असाच आदेश आला. रक्कम सुमारे ५४६ कोटी. सेबीच्या आदेशानुसार या अकॅडमीने ३ लाख ३७ हजारांहून जास्त लोकांकडून ६०१ कोटी रुपये गोळा केले होते. शिक्षणाच्या नावाखाली नोंदणी न करता सल्ला दिला जात होता, आणि फायद्यात असलेल्यांचेच व्यवहार निवडून दाखवले जात होते, असं सेबीचं म्हणणं. दोन्ही आदेश अंतरिम स्वरूपाचे होते, म्हणजे शेवटचा ठपका नव्हे. पण निवडून दाखवण्याचा मुद्दा प्रत्येक कोर्सला लावून बघण्यासारखा आहे. व्हिडिओत पाच जण 'माझं आयुष्य बदललं' म्हणतात, तेव्हा फी भरलेले बाकीचे कुठं आहेत?

एक्स्पोर्ट, ड्रॉपशिपिंग, डिजिटल मार्केटिंगच्या कोर्सवर सेबीचा अधिकार चालत नाही. तिथं कामाला येतो तो ग्राहक कायदा. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 'डार्क पॅटर्न'विरोधात मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात ऑनलाइन विक्रीतल्या १३ खोड्या नावानिशी दिल्यात. सुरुवातीला कमी किंमत दाखवून पैसे भरताना वाढवणं म्हणजे 'ड्रिप प्रायसिंग'. खोटी घाई लावणं म्हणजे 'फॉल्स अर्जन्सी', ते उलटं धावणारं घड्याळ इथं येतं. सुरू करायला सोपं पण बंद करायला अवघड अशी वर्गणी म्हणजे 'सबस्क्रिप्शन ट्रॅप'. या सगळ्याला मनाई आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या फसव्या जाहिरातींसाठी वेगळी तत्त्वं आली, त्यातही खोटी घाई आणि महत्त्वाची माहिती लपवणं चालत नाही असं स्पष्ट म्हटलंय.

वर्गणीवरून एक गोष्ट. १ रुपयाच्या वेबिनारचे पैसे भरताना काही ठिकाणी यूपीआय 'ऑटोपे'ची परवानगी घेतली जाते. एकदा पिन टाकला की पुढे १५ हजार रुपयांपर्यंतची रक्कम दर वेळी पिन न विचारता कापली जाऊ शकते. कापण्याआधी २४ तास मेसेज यायला हवा, पण जाहिरातींच्या मेसेजच्या ढिगात तो कोण वाचतो? फोनपे, गुगल पेमध्ये 'ऑटोपे' किंवा 'मॅन्डेट' असा भाग असतो. तिथं जाऊन नको असलेली परवानगी स्वतः रद्द करता येते, कोर्सवाल्याला विचारायची गरज नाही.

हप्त्याची बाजू त्याहून वाईट. 'पैसे नाहीत' म्हटलं की सेल्सवाला लगेच म्हणतो, नो कॉस्ट ईएमआय करून देतो, महिन्याला फक्त ४,९१७. आधार, पॅन, एक ओटीपी, झालं. पोराला वाटतं आपण फी हप्त्याने भरतोय. प्रत्यक्षात एका फायनान्स कंपनीने त्याच्या नावावर कर्ज काढून सगळी रक्कम कोर्सवाल्याला एकदम देऊन टाकलेली असते. उद्या कोर्स बंद पडला, कोर्सवाल्याने फोन उचलणं सोडलं, तरी हप्ता चालूच. हप्ता थकला की सिबिल खराब, आणि ते कळतं दोन वर्षांनी, ट्रॅक्टरच्या किंवा घराच्या कर्जाला बँकेत गेल्यावर.

ऑनलाइन कर्जासाठी रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. कर्ज देणाऱ्याने व्याज आणि सगळे आकार लिहिलेला एक तक्ता आधी द्यायलाच हवा, त्याला 'की फॅक्ट स्टेटमेंट' म्हणतात. तसंच कर्ज घेतल्यावर किमान एक दिवसाची मुदत मिळते. त्यात मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च भरून दंडाशिवाय कर्जातून बाहेर पडता येतं. म्हणजे रात्री झालेली चूक सकाळी सुधारायला वाव आहे, पण दुसऱ्याच दिवशी हलायला हवं.

लातूर-नांदेडच्या घरांना क्लासची मोठी फी भरायची सवय आहे. नीट-जेईईच्या क्लासला लाख-दीड लाख देणारे आईबाप शिक्षणाच्या नावावर फार घासाघीस करत नाहीत. पण क्लासला किमान एक इमारत असते, तिथं चार पालक जाऊन बसू शकतात. ऑनलाइन कोर्सवाल्याचं दार कुठं वाजवायचं? म्हणून पैसे देण्याआधी कंपनीचं पूर्ण नाव, जीएसटी क्रमांक आणि पत्ता मागावा. यापुढे आणखी काय काय विकत घ्यावं लागेल आणि ते सगळं धरून एकूण किती, हे व्हॉट्सॲपवर किंवा मेलवर लिहून मागावं. फोनवर गोड बोलणारा माणूस हे लिहून द्यायला टाळत असेल, तर उत्तर मिळालंच.

एक्स्पोर्टच्या कोर्समध्ये 'लायसन्स आम्ही काढून देतो' म्हणून वेगळे हजारो रुपये लावतात. आयात-निर्यात कोडची सरकारी फी ५०० रुपये आहे, डीजीएफटीच्या वेबसाइटवर स्वतः भरता येते. उद्यम नोंदणी फुकट, जीएसटी नोंदणीलाही सरकारी फी नाही. हळद बाहेर पाठवायची तर स्पायसेस बोर्डाची नोंदणी लागते. राहिला प्रश्न खरेदीदाराचा. तर तो कुठल्याच कोर्सच्या पीडीएफमध्ये नसतो, अर्धापूरचा व्यापारी हे दोन मिनिटांत सांगेल.

सगळेच कोर्स फसवे असतात असं नाही. दोन-तीन हजारांत टॅली किंवा जीएसटी रिटर्न नीट शिकवणारे आहेत, आणि त्यावर पोरं कामाला लागलीत. शिवाय बँकांमार्फत चालणाऱ्या आरसेटीमध्ये ग्रामीण तरुणांना प्रशिक्षण, राहणं, जेवण सगळं मोफत मिळतं. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र, म्हणजे एमसीईडी, १९८८ पासून हेच काम करतंय. तिथं बंगल्याचे फोटो दाखवत नाहीत, म्हणून गर्दी कमी.

ज्यांचे पैसे आधीच गेलेत त्यांनी आधी पुरावे जमवावेत: जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पैसे भरल्याची पावती, चॅट, कॉल रेकॉर्डिंग. वेबिनारची लिंक नंतर उघडत नाही, म्हणून उशीर नको. मग कंपनीला मेलवर लेखी परतावा मागायचा. त्याने भागलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर मराठीतून तक्रार करता येते. कर्ज देणाऱ्या कंपनीने ३० दिवसांत ऐकलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्यांचा क्रमांक १४४४८. आणि कंपनीच बनावट निघाली, पैसे घेऊन गायब झाली, तर तो सायबर गुन्हा. त्यासाठी लगेच १९३० वर फोन करायचा.

'नो रिफंड' लिहिलंय म्हणून विषय संपला असं कोर्सवाले सांगतात. तसं नाही. जाहिरातीत एक सांगून प्रत्यक्षात दुसरं दिलं तर ती अनुचित व्यापारी प्रथा ठरते, आणि सही-टिक करून घेतल्याने ती माफ होत नाही. कोर्स धंद्यासाठी घेतला, मग तुम्ही ग्राहक कसे, असाही मुद्दा काढला जातो. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला ग्राहक कायद्यात संरक्षण आहे, हे त्याला सांगावं.

कंपनी गुरुग्रामची असो की बंगळुरूची, तिथं जायची गरज नाही. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार राहतो त्याच जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, म्हणजे मुखेडच्या माणसाला नांदेड आणि निलंग्याच्या माणसाला लातूर. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी शून्य. वकील लावलाच पाहिजे असंही नाही, अर्ज ऑनलाइनही भरता येतो. मुदत मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं.