मँडरिन : ठळक नोंदी

काय आहे? चिनी भाषागटातील सर्वांत मोठी भाषा. कँटनीज, शांघायी याच गटातल्या; पण बोलताना एकमेकांना कळत नाहीत.

प्रमाण रूप : चीनमध्ये ‘पुतोंगह्वा’. आधार बीजिंगचे उच्चार.

बोलणारे
- मातृभाषा : मँडरिन ९० कोटींहून अधिक (जगात पहिली), इंग्रजी सुमारे ४० कोटी.
- दुसरी भाषा म्हणून शिकलेले धरले तर इंग्रजी पुढे. मँडरिनचे बहुतेक भाषक चीन आणि तैवानमध्ये. इंग्रजीचे जगभर विखुरलेले.

अधिकृत दर्जा
- चीन, तैवान. सिंगापूरमध्ये इंग्रजी, मलय व तमिळसोबत.
- संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांत चिनी आणि इंग्रजी दोन्ही. चिनी भाषा दिन : २० एप्रिल.

लिपी
- चिन्हलिपी, वर्णमाला नाही. रोजच्या वापरातली सुमारे ३,५०० चिन्हे.
- सुलभ चिन्हे : चीन (१९५६ पासून), सिंगापूर. पारंपरिक : तैवान, हाँगकाँग.
- पिनयिन : उच्चार रोमन लिपीत लिहिण्याची पद्धत, १९५८. मोबाइल-संगणकावर टंकनासाठी हीच प्रचलित.

सूर : चार, शिवाय एक सौम्य. ‘मा’ सुरानुसार आई, ताग, घोडा किंवा रागावणे.

व्याकरण : क्रियापदाला काळ, लिंग, वचनाचे प्रत्यय नाहीत.

प्रसार : चिनी भाषा शिकवणारी पहिली कन्फ्यूशियस संस्था सोलमध्ये, २००४.