मणक्याच्या चकतीला काय हवं?

बंगळुरूत हेब्बाळच्या उड्डाणपुलापाशी गाड्या खोळंबतात, तेव्हाच अनेकांचा बसण्याचा दिवस सुरू झालेला असतो. मग मान्यता टेक पार्कमध्ये आठ-नऊ तास खुर्ची आणि संध्याकाळी पुन्हा तीच कोंडी. पुण्या-कोल्हापूरहून इथं नोकरीला आलेली मुलंमुली कंबर धरली की आधी खुर्ची बदलतात. खुर्ची चांगली हवीच. पण तेवढ्यानं भागत नाही.

दोन मणक्यांमधल्या चकतीत, मोठेपणी, रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. तिचं पोषण शेजारच्या हाडांतून झिरपत येतं. भार पडला की तिच्यातलं थोडं पाणी बाहेर जातं, भार उतरला की परत येतं. तासन्‌तास एकाच ठेवणीत बसलं की ही ये-जा मंदावते, आणि शरीर सावरून धरणारे स्नायूही थकतात.

जर्मनीत विल्के आणि सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकाच्या कमरेच्या चकतीत संवेदक बसवून दाब मोजला. निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. उभं असताना दाब ०.५ मेगापास्कल, टेका न घेता सैल बसल्यावर ०.४६, पुढे पूर्ण वाकून बसल्यावर ०.८३. पाठ टेकून रेलल्यावर तो उभं असतानापेक्षा बराच कमी भरला. माणूस एकच होता, हे खरं. तरीही लहानपणापासून ऐकलेलं ‘ताठ बस’ मला अपुरं वाटतं. रेलावं, सरकावं, उठावं.

टेबलाचं मात्र मनावर घ्यायला हवं. कचेरीतली टेबलं साधारण ७५ सेंटिमीटर उंच असतात. बेताच्या उंचीच्या बाईनं कोपर टेबलाला जुळावं म्हणून खुर्ची वर केली, की पाय लोंबकळतात आणि मांड्यांखाली कडा रुतते. पायांखाली पाट किंवा खोकं ठेवलं तरी हा त्रास जातो. लॅपटॉपवर पडदा डोळ्यांशी आणला तर हात अवघडतात, कळा हाताशी ठेवल्या तर मान वाकते. वेगळा कीबोर्ड घेणं महागड्या खुर्चीपेक्षा आधी करावं.

दहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवरचं एक विश्लेषण २०१६ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलं. रोज तास-सव्वा तास झपाझप चालण्याइतका व्यायाम करणाऱ्यांत, आठ तासांहून जास्त बसण्याशी जोडलेला अकाली मृत्यूचा वाढीव धोका दिसला नाही. पाठीचा हिशेब मात्र सकाळी एकदाच चालून मिटत नाही. तिच्यासाठी अर्ध्या-पाऊण तासानं उठावं, फोनवरच्या बैठका उभ्यानं घ्याव्यात.