वन्यप्राण्यांच्या संख्यावाढीची गणितीय प्रारूपे : महाराष्ट्रातील वाघांच्या संदर्भात

प्रस्तावना : १९७३-७४ मध्ये व्याघ्र प्रकल्पासाठी प्रथम निवडलेल्या नऊ क्षेत्रांत अमरावती जिल्ह्यातील मेळघाटाचा समावेश होता. तेव्हापासून संवर्धनाचे यश प्रामुख्याने वाघांच्या संख्येवरून मोजले जाते. या संख्येचा अर्थ लावण्यास गणितीय प्रारूपे कितपत उपयोगी पडतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

घातांकी प्रारूप : माल्थसने १७९८ मध्ये मांडलेल्या विचारानुसार वाढीचा वेग विद्यमान संख्येच्या प्रमाणात असतो. संख्या 'स' व वाढदर 'व' मानल्यास,

वेग = व × स

राष्ट्रीय व्याघ्रगणनेच्या अंदाजानुसार महाराष्ट्रात २००६ मध्ये १०३, २०१४ मध्ये १९०, २०१८ मध्ये ३१२ व २०२२ मध्ये ४४४ वाघ होते. यावरून १६ वर्षांतील सरासरी वार्षिक वाढ सुमारे ९.५ टक्के येते. म्हणजेच संख्या साधारण साडेसात वर्षांत दुप्पट होते. हाच दर टिकला, तर २०४५ च्या सुमारास एकट्या महाराष्ट्रात साडेतीन हजारांवर वाघ असतील. २०२२ मध्ये संपूर्ण भारतातील अंदाज ३६८२ होता, हे लक्षात घेता हा निष्कर्ष स्वीकारता येत नाही.

लॉजिस्टिक प्रारूप : वेरहुल्स्टने १८३८ मध्ये अधिवासाची मर्यादा समीकरणात आणली. अधिवासाची धारणक्षमता 'क' मानल्यास,

वेग = व × स × (१ − स ÷ क)

संख्या 'क'च्या निम्मी असताना वेग सर्वाधिक असतो; पुढे तो मंदावून 'क'जवळ शून्य होतो.

प्रारूपाच्या मर्यादा : वरील आकडेवारीत वार्षिक वाढ अनुक्रमे सुमारे ८, १३ व ९ टक्के दिसते. शेवटच्या घटीवरून 'क' जवळ आला, असे म्हणणे घाईचे ठरेल. कारण गणनेची व्याप्ती व पद्धती बदलल्यानेही आकडे बदलतात. शिवाय राज्यातील वाघ ही एकजिनसी संख्या नव्हे. चंद्रपूर जिल्ह्यात वाघांची दाटी व मानवाशी संघर्ष वाढला असताना अन्यत्र अधिवास अपुरा वापरलेला राहतो. म्हणूनच मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरी परिसरातील दोन वाघिणी नागझिऱ्यात सोडण्यात आल्या. 'क' स्थिरही नसतो. मेळघाटातील गावांच्या पुनर्वसनानंतर मोकळ्या झालेल्या जागी गवताळ कुरणे तयार झाली. तृणभक्षी वाढले की वाघांसाठी 'क' वाढतो.

निष्कर्ष : 'व' प्राण्याच्या जीवशास्त्रातून येतो, 'क' मात्र बऱ्याच अंशी मानवी निर्णयांतून ठरतो. म्हणून केवळ संख्या न मोजता भक्ष्य, पाणी व जंगलांना जोडणारे संचारमार्ग यांचेही नियमित मापन होणे अगत्याचे आहे.