ठिकाण सुटलेले क्रमांक

दूरध्वनीचा क्रमांक हा मुळात एक पत्ता होता. ०२२ म्हणजे मुंबई, ०२० म्हणजे पुणे, ०८३२ म्हणजे गोवा ही ओळख आकड्यांतच मुरलेली होती, कारण क्रमांकाचा पहिला भाग, म्हणजे ज्याला सर्रास एसटीडी कोड म्हटले जाते तो, तारेचे दुसरे टोक कोणत्या गावच्या केंद्रात आहे हे यंत्रणेला सांगत असे. कानपूर आणि लखनौ यांच्यामध्ये १९६० मध्ये ही सोय सुरू झाली आणि ट्रंक कॉल नोंदवून ताटकळत बसण्याऐवजी ग्राहक स्वतःच दूरच्या गावचा नंबर फिरवू लागला. पुढे देशभर आरंभीचे शून्य सोडून कोड आणि ग्राहकाचा क्रमांक मिळून दहा आकडे ठरले. त्यामुळे मुंबईचा कोड दोन आकडी तर क्रमांक आठ आकडी, नागपूरचा कोड तीन आकडी तर क्रमांक सात आकडी, आणि रत्नागिरीचा कोड चार आकडी तर क्रमांक सहा आकडी अशी वाटणी झाली. गावाशी असे बांधलेले क्रमांक ते भौगोलिक, आणि ज्यांच्यावरून ठिकाण कळत नाही ते भौगोलिकेतर.

दुसऱ्या प्रकाराची सर्वांत परिचित उदाहरणे म्हणजे १८०० आणि १८६० ने सुरू होणारे क्रमांक. पहिल्यात कॉलचा सगळा खर्च ज्याला फोन केला जातो ती संस्था सोसते, तर दुसऱ्यात फोन करणाऱ्याला स्थानिक कॉलइतका खर्च येतो आणि उरलेला भार संस्थेवर पडतो. दोन्हींत पलीकडचा माणूस नोएडात बसला आहे की नाशिकमध्ये, हे कळायला मार्ग नसतो. मोबाइल क्रमांक आरंभी निदान आपल्या दूरसंचार परिमंडळाशी बांधलेला होता (महाराष्ट्राच्या परिमंडळात गोवा येतो, मुंबईचे परिमंडळ मात्र वेगळे आहे), परंतु ३ जुलै २०१५ पासून देशात कोठेही गेले तरी जुना क्रमांक कायम ठेवण्याची मुभा मिळाली आणि तोही धागा तुटला.

ठिकाण सुटले, तेव्हा क्रमांकावरून काय ओळखावे हा प्रश्न उभा राहिला, आणि गेल्या काही वर्षांतील नियमबदल त्याच दृष्टीने वाचले तर त्यांची संगती लागते. फोन कोठून आला हे आता क्रमांक सांगू शकत नसेल, तर तो कोणी आणि कशासाठी केला एवढे तरी त्याने सांगावे, असा हा प्रयत्न आहे. जाहिरातीच्या कॉलसाठी १४० ही मालिका आधीपासून राखून ठेवलेली होती, परंतु लोक ती पाहताच फोन टाळू लागल्याने विक्रेते साध्या दहा आकडी मोबाइलवरून बोलू लागले आणि बँकेचा खरा फोन व भामट्याचा फोन यांत फरक उरला नाही. म्हणून दूरसंचार विभागाने २०२४ मध्ये १६०० ने सुरू होणारी मालिका सेवा आणि व्यवहारांच्या कॉलसाठी वेगळी काढली. ती पडताळणी झालेल्या संस्थांनाच मिळते, आणि दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, ती वापरात आणण्यासाठी बँकांना १ जानेवारी २०२६ ही मुदत घालून दिली. ही मालिका उपयोगी आहे यात शंका नाही. मात्र तिचा उपयोग ती ठाऊक असणाऱ्यालाच होतो, आणि निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या वृद्धांपर्यंत ही माहिती पोहोचवण्याचे काम बँकांनी मालिका घेण्याइतक्याच तातडीने केले पाहिजे.

यापेक्षा अवघड प्रश्न इंटरनेटवरून होणाऱ्या कॉलचा आहे. या पद्धतीत आवाजाचे आकड्यांत रूपांतर करून त्याचे लहान लहान तुकडे पाडले जातात, ते तुकडे ईमेल ज्या वाटेने जाते त्याच वाटेने जातात आणि पलीकडे पुन्हा जोडले जातात. या प्रवासाला गावच्या केंद्राची गरज नसते, आणि फोन करणाऱ्याचा क्रमांक हा तारेचा पुरावा न राहता पाठवणाऱ्याने लिहिलेला मजकूर होतो, जो खोटाही लिहिता येतो. भारताने १ एप्रिल २००२ पासून इंटरनेट कॉलना परवानगी दिली ती मर्यादितच: संगणकावरून संगणकावर किंवा परदेशातील फोनवर बोलता येई, पण देशातील साध्या फोनशी हा कॉल जोडण्यास इंटरनेट कंपन्यांना मनाई होती. या मनाईमागे दूरसंचार कंपन्यांच्या उत्पन्नाची काळजी होती, तशीच सुरक्षेचीही. अनेक सिम कार्डे बसवलेली, सिम बॉक्स नावाची पेटी एखाद्या भाड्याच्या खोलीत ठेवली की परदेशातून इंटरनेटवर आलेला कॉल स्थानिक मोबाइलचा म्हणून पुढे जातो. त्यात आंतरराष्ट्रीय शुल्क बुडते आणि तपासाचा मागही पुसला जातो. क्रमांक खोटा लिहिण्याचे प्रमाण किती होते याची कल्पना ऑक्टोबर २०२४ मध्ये आली. परदेशातून येऊन भारतीय क्रमांक दाखवणारे बनावट कॉल अडवणारी यंत्रणा सुरू झाली, आणि पहिल्या चोवीस तासांतच तिने सुमारे १ कोटी ३५ लाख कॉल रोखले.

त्याआधी, जून २०१८ मध्ये, ट्रायच्या शिफारशींनंतर परवान्यांत बदल होऊन मोबाइल आणि लँडलाइन कंपन्यांना इंटरनेटवरून कोणत्याही फोनवर कॉल देण्याची मुभा मिळाली. घरात नेटवर्क नसताना वायफायवरून नेहमीच्याच क्रमांकाने बोलता येते ते या वाटेने, आणि कोकणातल्या किंवा सह्याद्रीतल्या दरीखोऱ्यांत, जिथे टॉवरची रेंज उंबऱ्याशी अडते, तिथे ही सोय मोलाची आहे. व्हॉट्सॲपसारखी ॲप्स मात्र या परवान्यांच्या चौकटीबाहेर वाढली. मोबाइल क्रमांक ती केवळ नोंदणीपुरता घेत असल्याने सिम काढून टाकले तरी खाते चालूच राहते, आणि पोलीस अधिकाऱ्याचे छायाचित्र लावून ‘डिजिटल अटके’ची धमकी देणाऱ्यांनी याच फटीचा फायदा घेतला. दूरसंचार विभागाने २८ नोव्हेंबर २०२५ रोजी, नोंदणीचे सिम फोनमध्ये असेल तरच ॲप चालावे, असे निर्देश दिले ते यासाठी. सिम फोनमध्येच असेल तर परदेशातही अडचण नाही. परंतु भारतातले सिम कपाटात ठेवून त्याच क्रमांकाच्या खात्यावरून दुबईहून किंवा न्यू जर्सीहून घरच्यांशी बोलणाऱ्या मराठी माणसांना हा बदल थेट जाणवणारा आहे, आणि भामट्यांसाठी लावलेल्या कुलपाचा त्रास त्यांना कमीत कमी व्हावा ही अपेक्षा रास्त आहे.

या सगळ्या चर्चेत ११२ या आपत्कालीन क्रमांकाकडे लक्ष कमी जाते. लँडलाइनवरून मदत मागितली तर घराचा पत्ता नोंदीत सापडतो आणि मोबाइलवरून मागितली तर जवळचा टॉवर कळतो. इंटरनेटवरील कॉलला मात्र अशी खूण आपोआप चिकटत नाही. ट्रायने २०१७ च्या शिफारशींत इंटरनेट कॉलवरून आपत्कालीन क्रमांकाची सोय देण्यास उत्तेजन द्यावे, सक्ती करू नये, आणि तिची मर्यादा ग्राहकाला निःसंदिग्ध शब्दांत सांगावी असे म्हटले होते. त्या वेळी इंटरनेट कॉल ही जादाची सोय होती. ज्या घरात आज टॉवरची रेंज नसून केवळ वायफाय आहे, त्या घरातून रात्री रुग्णवाहिका बोलवायची झाली तर तीच एकमेव वाट असते.