जपानी फुलाचे भाग, थेट मराठीतून

आजचा भाग जपानी शिकणाऱ्यांसाठी. मी वडूजचा, कामाने सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मोठा शब्द दिसला की आधी त्याचे तुकडे पाडतो. फुलांच्या शब्दांत ही सवय फार कामाला येते. अट एकच, इंग्रजीच्या वाटेने जायचं नाही. ॲपमध्ये जपानी शब्दासमोर 'सेपल', 'स्टेमेन' येतं आणि मग आपण त्याचाच अर्थ शोधत बसतो.

पाकळी म्हणजे हानाबिरा, त्यातलं हाना म्हणजे फूल. वनस्पतिशास्त्रात तिलाच काबेन म्हणतात. आपल्याकडे घरात पाकळी आणि पुस्तकात दल, तसंच. पाकळ्यांखालची हिरवी वाटी, म्हणजे शाळेतलं निदलपुंज, ती गाकु. पुंकेसर ओशिबे, स्त्रीकेसर मेशिबे. शिबे म्हणजे केसर, 'ओ' नर, 'मे' मादी. जोडणी अगदी मराठीसारखी, पाठ काय करायचं त्यात? पराग म्हणजे काफुन. जपानात वसंतात सुगी नावाच्या झाडाचे पराग उडतात आणि लोक शिंकून बेजार होतात, तो त्रास काफुनशो. (आपल्या सुगीचा इथे काही संबंध नाही!)

मोजताना मात्र सांभाळा. एक फूल इचिरिन, पण एक पाकळी इचिमाई. माई हे कागद, ताट, शर्ट अशा चपट्या वस्तूंसाठी.

मला सगळ्यात आवडलेला शब्द फुलोऱ्याच्याही आधीचा आहे. आपल्या खटाव-माणकडे शाळू असतो. कणीस बाहेर पडायच्या आधी पानाच्या आवरणात फुगतं, तेव्हा आपण म्हणतो, शाळू पोटरीत आला. जपानी शेतकरी भाताच्या ह्याच अवस्थेला होबारामी म्हणतात. हो म्हणजे कणीस किंवा लोंबी, आणि हारामु म्हणजे गर्भार राहणं. इकडे पोट, तिकडे गर्भ! इंग्रजीत ह्याच अवस्थेला काय म्हणतात? बूट. पायातला बूट! आता सांगा, वडूजच्या पोराला होबारामी कुठून लवकर कळेल?

पुढे कणीस बाहेर आलं की आपण म्हणतो निसवला. त्यांचा शब्द शुस्सुई, म्हणजे कणीस बाहेर येणं.

तुमच्या गावात पोटरीला वेगळा शब्द असेल तर व्हॉइस नोट पाठवा, आजी-आजोबांच्या आवाजात असेल तर उत्तमच. पुढच्या भागात फुलं गळण्याची क्रियापदं घेऊ. साकुरासाठी चिरु, म्हणजे विखुरणं, आणि त्सुबाकीसाठी ओचिरु, कारण ते अख्खं फूलच टपकन खाली पडतं.