नळदुर्गच्या दगडाची पृथ्वी असती तर

नळदुर्गचा किल्ला ज्या काळ्या दगडात बांधला आहे, तो बेसॉल्ट. धाराशिव जिल्ह्यात विहीर खणताना मुरूम संपला की बहुतेक ठिकाणी हाच कातळ लागतो. त्याची घनता घनसेंटिमीटरला सुमारे 2.9 ग्रॅम, म्हणजे पाण्याच्या जवळपास तिप्पट. आता समजा, पृथ्वीचा आकार आहे तेवढाच राहिला, पण ती आतून-बाहेरून याच दगडाची झाली. मग आज 60 किलो भरणारा माणूस ताणकाट्यावर जेमतेम 32 किलो भरेल. खऱ्या पृथ्वीची सरासरी घनता 5.5 आहे, कारण तिच्या पोटात लोखंड आणि निकेलचा गाभा आहे.

आकार तोच ठेवून घनता अर्धी केली की वस्तुमान अर्धे होते आणि ओढही अर्धी. त्रिज्येचे गणित थोडे निराळे. घनता तीच ठेवून त्रिज्या दुप्पट केली, तर वस्तुमान आठपट होते. पण पृष्ठभागही केंद्रापासून दुप्पट लांब जातो आणि न्यूटनच्या नियमाप्रमाणे तेवढ्याने ओढ चौथाई होते. आठाचे चौथाई दोन. म्हणजे पृष्ठभागावरचे गुरुत्व घनता आणि त्रिज्या यांच्या गुणाकारावर ठरते.

बुधाची त्रिज्या 2,440 किलोमीटर, मंगळाची 3,390. तरी दोन्हींवर गुरुत्व सारखेच, 3.7 मीटर प्रतिसेकंद वर्ग. मंगळाची घनता 3.9, बुधाची 5.4, लहानपणाची तूट बुध घनतेने भरून काढतो. शनी तर पाण्याहून हलका, पण त्रिज्या पृथ्वीच्या नऊपट. त्याच्या ढगांच्या माथ्यावर गुरुत्व जवळजवळ आपल्याइतकेच.

मग पायाखालच्या खडकाने किती फरक पडतो? 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपाने उमरगा भागही उद्ध्वस्त केला. त्यानंतर शेजारच्या किल्लारीत घेतलेल्या खोल बोअरमध्ये बेसॉल्टचा थर सुमारे 340 मीटर निघाला. त्याखाली ग्रॅनाइटसारखा, 2.7 च्या आसपास घनतेचा खडक. वरचा थरही तसल्याच खडकाचा असता, तर 60 किलोच्या माणसाचे वजन पाव ग्रॅमनेही घटले नसते. गुरुत्वमापी यंत्र मात्र एवढा फरक सहज टिपते. त्यावरूनच जमिनीखालच्या खडकांचा अंदाज बांधतात.

चंद्राचे गणित वाचकांनी स्वतः करून पाहावे: घनता पृथ्वीच्या 0.61 पट, त्रिज्या 0.27 पट. गुणाकार येतो जवळपास एक षष्ठांश.