घोड्याच्या पोटातलं लोखंड

सकाळी साडेसात. सगळी डोंबिवली स्टेशनकडे धावत असते, तेव्हा मी उलटा एमआयडीसीकडे निघतो. आमचा स्टुडिओ म्हणजे एक उंच पत्र्याची शेड. पहिलं काम, रात्रभर मातीवर गुंडाळलेली ओली गोणपाटं सोडायची. शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा चाललाय. उकाड्याने घोड्याच्या मानेला बारीक भेगा पडल्यात. त्यात लगेच माती भरायची नाही. आधी पाण्याचा फवारा, मग थांबायचं. कोरड्यावर लावलेली ओली माती सुकली की पापुद्र्यासारखी सुटते. नवी पोरं इथेच घाई करतात.

नऊला आमचे शिल्पकार सर येतात. एक फुटी मॉडेलवर कॅलिपर लावून माप घ्यायचं, दहाने गुणायचं, खूण करायची. हे काम कंटाळवाणं, पण त्याचा हिशेब डोक्यात पक्का बसवावा लागतो. उंची दहा पट झाली की वाऱ्याला अडवणारा पृष्ठभाग शंभर पट होतो आणि भरीव मातीचं वजन हजार पट. टेबलावर टुणटुणीत उभा राहणारा घोडा म्हणूनच दहा फुटांवर स्वतःच्या पायांवर उभा राहीलच असं नाही.

साडेदहा ते दीड मागच्या अंगणात. दुसऱ्या एका पुतळ्याचे ब्राँझचे तुकडे कास्टिंगहून आलेत. मातीचा पुतळा भरीव, ब्राँझचा मात्र आतून पोकळ, म्हणून पोटात सांगाडा लागतो. आमचे वेल्डिंगवाले मामा तो स्टेनलेस स्टीलचाच करतात. साधं लोखंड ब्राँझला चिकटून खाऱ्या दमट हवेत राहिलं की लोखंड भराभर गंजतं, आणि बाहेरून कुणाला पत्ता लागत नाही.

मालवणच्या राजकोट किल्ल्यावरच्या महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण 4 डिसेंबर 2023ला झालं आणि 26 ऑगस्ट 2024ला तो कोसळला. तेव्हापासून येणारा प्रत्येक माणूस आधी आत काय आहे ते विचारतो. पूर्वी फक्त चेहरा बघायचे. मला हा बदल बरा वाटतो.

दीड वाजता डबा. शेडमध्ये गेटवे ऑफ इंडियासमोरच्या महाराजांचा फोटो आहे. शिल्पकार सदाशिव साठे, म्हणजे कल्याण-डोंबिवलीचे भाऊ साठे. जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी. दिल्लीतला गांधीजींचा पुतळा त्यांनी तिशीच्या आत केला. गेटवेच्या पुतळ्याचं अनावरण 26 जानेवारी 1961ला झालं, तेव्हा ते 34 वर्षांचे होते. दिल्लीतलं नेताजींचं शिल्पही त्यांचंच. माउंटबॅटन यांचं व्यक्तिशिल्पही त्यांनी केलं. एवढी कामं देशभर गेली, पण स्वतःच्या शिल्पांचं शिल्पालय त्यांनी उभं केलं ते डोंबिवलीत. 30 ऑगस्ट 2021ला, 95व्या वर्षी ते गेले. तरुण पोरांना मी मुद्दाम सांगतो, गेटवेवर जा आणि सेल्फी काढण्याआधी घोड्याचे पाय बघा. साठहून अधिक पावसाळे समोरचा खारा वारा त्या ब्राँझने खाल्लाय.

अडीच ते चार चेहरा. इथे सर कुणालाच हात लावू देत नाहीत. मी फक्त माती मळून देतो आणि पंखा बंद ठेवतो.

आज चारला पुतळा बसवणारी समिती आली. सात माणसं, एक मोठा पेढ्यांचा डबा. सार्वजनिक पुतळ्याचं मातीचं मॉडेल कला संचालनालयाकडून मंजूर व्हावं लागतं, त्याआधी समितीचं एकमत हवं. अध्यक्ष म्हणाले, “सर, घोडा पुढचे दोन्ही पाय उचललेला हवा. शेजारच्या गावापेक्षा रुबाब दिसला पाहिजे.”

“उचलतो,” सर म्हणाले. “पण मग सगळा भार मागच्या दोन पायांवर. शेपूट जमिनीला टेकवून तिसरा आधार करावा लागेल.”

“टेकलेली शेपूट? लोक हसतील हो.”

मामांनी अंगणातल्या पोकळ पायात बॅटरी मारून आतला सांगाडा दाखवला. जाडजूड पाइप बघून मंडळी गप्प झाली. मग खजिनदारांनी विचारलं, “या लोखंडाचा खर्च आमच्याच बिलात का?” तुमच्याच, असं सांगितल्यावर एकच पाय उचलायचं पटकन ठरलं. अध्यक्षांना मात्र काहीतरी वर हवंच होतं. “मग जिरेटोपाचा तुरा तरी जरा उंच घ्या.”

सरांनी शिडी मागवली आणि मंडळींच्या समोरच तुरा दोन सूत वर घेतला.